एका आठवड्यात संपलेली लाईट

आई, मावशीची लाईट संपली. एका आठवड्यात. तू गेल्यावर आप्पांनी जिला लग्न करून आणलं आणि जी आज तुझ्याच चुलीवर भाकरी थापते, तिच्याही छातीत तशीच गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग डॉक्टरीणबाईंनी किरणं, म्हणजे आपली लाईट, सांगितली, आणि ती फक्त आठवडाभर. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला तिचा हेवा वाटला, असा की दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तोंड कडू झालं.

तुझी लाईट पाच आठवडे चालली होती. विंझरहून पहाटेची एसटी, अकरावीचे तास बुडवून तुझी पिशवी धरलेली मी, आणि खिडकीशी पदर सैल करून बसलेली तू. छातीवरच्या शाईच्या रेघा पुसायच्या नाहीत म्हणून तू अर्ध्या अंगानं अंघोळ करायचीस. शेवटी शेवटी काखेतली कातडी काळी पडून सोलली, तेव्हा तुझ्या ब्लाउजच्या बाह्या मी उसवून दिल्या. आता भोरला माझं शिवणाचं दुकान आहे, पण पहिली कात्री चालली ती तिथं. आप्पा एकदाही आले नाहीत. लावणीचे दिवस होते म्हणे. आणि आता हेच आप्पा रोज मावशीबरोबर येतात, बाकावर बसून तिला मोसंबी सोलून देतात, बियासुद्धा काढून. त्या मोसंबीकडे मला बघवत नाही.

तुला आठवतं, तुझ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, अभ्यासात याल का म्हणून? काही बायकांना नेहमीइतके दिवस लाईट, काहींना कमी दिवस, आणि कोण कुठे हे डॉक्टरही ठरवणार नाहीत, चिठ्ठी काढावी तसं कॉम्प्युटर ठरवणार. तू लगेच हो म्हणालीस. तुझ्या वाट्याला जास्त दिवस आले. तू त्याला सावड समजलीस. आज आपण दुसऱ्याच्या खाचरात लावणीला जायचं, उद्या ते आपल्या खाचरात येणार. म्हणून शेवटच्या दिवशी तू डॉक्टरांना विचारलंस, "मंग आमची थोडक्या लाईटीची पाळी कदी?" ते गडबडले. म्हणाले, पाळी तुमची नाही, तुमच्या मागून येणाऱ्यांची. परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "म्हंजी आपून लावून द्यायचं आन फेडायला येनारी दुसऱ्याच्याच खाचरात जानार. जाऊंद्या, कुनाचं तरी पिकंल." मला तेव्हाही राग आला होता. तरी तपासणीला बोलावतील तेव्हा तू जात राहिलीस, दुखणं हाडात उतरेपर्यंत.

यंदा रेघा मारायच्या दिवशी मावशी उठूनच उभी राहिली. "एवढ्याशा लाईटीनं काय व्हतंय? गरिबाचं थोडक्यात उरकत्यात. थोरलीला एवढे दिस दिली तरी ती वाचली न्हाई. मला नगं."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की आधी पुष्कळ बायकांनी चिठ्ठीनं जास्त दिवस की कमी दिवस हे ठरवू दिलं, मग पुढच्या बायकांनी त्याहून कमी दिवस घेतले, वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि थोड्या दिवसांतही दुखणं तितकंच आवरतं हे तेव्हा कळलं. मावशी म्हणाली, "कुटल्या बायका? कुनी बगितल्यात?"

मी बघितली होती. पण मी बोलले नाही. घर तिला गेलं, आप्पा तिला गेले. एसटीतलं तुझं ते बोलणं तेवढं फक्त माझं होतं, आणि ते मला तिला द्यायचं नव्हतं. तिनं पिशवी उचलली. एकदा विंझरला गेली असती तर पुन्हा कुणाचं ऐकून आली नसती. आप्पा माझ्याकडे बघत होते, म्हातारे, काय करावं ते न कळणारे.

"माझी आई होती त्यात," मी म्हणाले. मग सावडीचंही सांगितलं, सगळं.

मावशी खाली बसली. "थोरली व्हय?" मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मारा रेघा."

तिची कातडी नुसती लालसर झाली. मी शिवलेल्या सैल ब्लाउजची तिला गरजही पडली नाही. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "ताईंनी माज्यासाटी लई सोसलं."

"तुमच्यासाठी नाही सोसलं," मी तोडून टाकलं.

"नसंल. पर मिळालं मलाच की," ती शांतपणे म्हणाली.

हे तुला सांगणार नव्हते. परवा आप्पांचा फोन आला, मावशीला ताप आहे. मी गिऱ्हाईकाचं माप अर्धवट टाकून निघाले, मिळेल त्या एसटीनं, मग टेम्पोनं विंझरला पोचले. साधी सर्दी निघाली. पण त्या सगळ्या वाटेवर मी तिच्यासाठी घाबरले होते, आई, आणि तुझी मला एकदाही आठवण झाली नाही.