पाचव्या अल्बमचं वेष्टण

लुडविग्सहाफेन,
२६ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप बाबांस मीनलचा शिरसाष्टांग नमस्कार.

हृषिकेशची उंटरश्लाइसहाइमची खोली काल घरमालकाच्या ताब्यात दिली. इथे भिंतीतली भोकं बुजवून सगळं पांढरं रंगवून द्यावं लागतं. मी आणि वेदांग, आम्ही नवराबायको दोन दिवस रंगवत होतो. पलंगाजवळ त्याच्या त्या इंग्लिश बँडचं पोस्टर होतं. त्यामागचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. त्यावरही रंग दिला.

पोलिसांचं शेवटचं पत्र आलं. नदीत पाय घसरून पडला की दुसरं काही, ते ठरवता येत नाही म्हणतात. पण बाबा, आम्ही तिथे असतानाच त्याच्या दारात पोस्टमन पार्सल घेऊन आला. बँडचा नवा, पाचवा अल्बम. जायच्या आधीच त्याने मागवून ठेवला होता. पुढच्या महिन्यातली गाणी मागवणारा मुलगा स्वतःहून जात नाही. हे आईला वाचून दाखवा. आणि तुम्हीही ऑगस्टमधल्या त्या फोनचं मनातून काढून टाका.

आमची तनया मामाबद्दल विचारते, जर्मनमधूनच. मी मराठीत उत्तर देते आणि अर्ध्यावर थांबते.

तुमची माया आहे, म्हणून उभी आहे.
मीनल

मिरज,
१० नोव्हेंबर २००३

चि. सौ. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. त्या दिवसापासून ती दोन्ही वेळा पानावर बसते आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अल्बमचं सांगते.

फोनचं मनातून काढ म्हणतेस. तो म्हणाला होता, बाबा, इथे करमत नाही, नोकरी सोडून येतो. मी म्हणालो, आणखी एक वर्ष काढ. बरं म्हणाला आणि आईच्या गुडघ्याची चौकशी केली. तुझ्या पत्रानंतर पहिल्यांदा सलग झोपलो.

तो अल्बम इकडे पाठव. बारावीला मी त्याची पहिली कॅसेट कपाटात कोंडली होती. निकालाच्या दिवशी परत देताना म्हणालो, हा गाणारा अर्धे शब्द गिळतो. तर मला म्हणाला, बाबा, तुम्ही पोस्टातले, तुम्हाला सगळं शिक्का मारल्यासारखं स्वच्छ लागतं. शेजारच्या अरुंधतीबाईंकडे सीडी लावायची सोय आहे. बघू, आता तरी काही कळतं का.

सर्वजण जपून असा.
तुझा बाबा

लुडविग्सहाफेन,
२३ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप बाबांस सा. नमस्कार.

सीडी पाठवते आहे. मला ही गाणी कधी फारशी कळली नाहीत. तिसऱ्या अल्बममधलं एक तेवढं त्याने मला बळेच ऐकवलं होतं. त्यात गाणारा मध्येच थांबतो आणि मिनिटभर नुसता ड्रम वाजत राहतो. मी म्हणाले, कॅसेट बिघडली का रे? तो इतका हसला की चहा सांडला. नव्या अल्बममध्ये तसं काही नाही. सगळी गाणी हळू आहेत. आईसमोर आवाज लहान ठेवा.

लोभ आहेच, पत्रही येत राहू द्या.
मीनल

ता. क. पार्सल वेदांगने बांधलं. तुम्ही तिकिटं जमवता, तुमचा नियम त्याला पाठ आहे, इंग्लंडची तिकिटं आहेत म्हणून मूळ वेष्टणही न फाडता आत घातलंय म्हणाला.

मिरज,
९ डिसेंबर २००३

चि. मीनल, अनेक आशीर्वाद.

सीडी आणि वेष्टण मिळालं.

अडतीस वर्षं पोस्टात काढली, त्यामुळे आधी पत्ता वाचतो, मग बाकीचं. वेष्टणावर तुझं नाव आहे आणि लुडविग्सहाफेनचा पत्ता आहे. आतल्या चिठ्ठीवर मागणीची तारीख नऊ सप्टेंबर. तो गेला चौदाला.

बहिणीला भेट म्हणून धाडली असेल, असं दोन दिवस स्वतःला समजावलं. मग कपाट उघडलं. तिसऱ्या आणि चौथ्या अल्बमची वेष्टणं त्यानेच मला पाठवली होती. दोन्हींवर त्याचा स्वतःचा पत्ता आहे. तरीही समजावलं असतं. पण पार्सल त्याच्या दारात आलं असं तू लिहिलंस. ते उघडताना तुझ्या मनात जे आलं, तेच आता माझ्या मनात आहे. नाहीतर तू खोटं कशाला लिहितीस? रागावलो नाही. वेदांगला बोलू नकोस.

त्याने बरं म्हटलं, ते मी पत्त्यासारखं वाचलं. गिळलेले शब्द मला ऐकू आले नाहीत.

आईला काही सांगितलेलं नाही. काल तिने अरुंधतीबाईंकडे पूर्ण अल्बम ऐकला. शब्द कळले नाहीत, पण मान हलवत होती. घरी येताना म्हणाली, अहो, पुढचा येईल तोही मागवायचा हं. मी बरं म्हणालो.

वेष्टण कुलपात ठेवलं आहे. तिकिटं काढली नाहीत.

तू मात्र मला खरं लिहीत जा. आता मी वाचू शकतो.
तुझा बाबा