मागून घेतलेली तारीख

३ मार्च

गोड्या आज परत येऊन गेला. पक्षाचा सरचिटणीस. जिभेवर साखर ठेवूनच बोलतो, म्हणून हे नाव – अर्थात मनातल्या मनात. ऑफिसात सरळ पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसला. म्हणाला, कोर्टात तुम्ही एकेकासाठी भांडता, विधानसभेत येऊन कायदाच बदला की.

बावीस वर्षं कोठडीतल्या मृत्यूंच्या केसेस लढतेय. शिक्षा किती जणांना झाली? दोघांना. हे त्यालाही ठाऊक आहे. नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं मेल्यानं!

४ मार्च

हो म्हटलं. मास्तरांना सांगितलं. (नवरा गणित शिकवतो, घरातही मास्तरच.) म्हणाले, "तुझं कालच ठरलं होतं. मला आज फक्त कळवते आहेस." खरंय.

८ मार्च

पायाला भिंगरी लागलीय. सभा, बैठका, फोटो. चष्मा दोनदा हरवला.

उमेदवारी अर्ज चौदा तारखेला भरायचा. तो शेवटचा दिवस, आणि अध्यक्षांना तेवढाच मोकळा. आणि चौदालाच इस्त्रीवाल्या मावशींची केस!

नऊ वर्षं चाललीय. मावशींचा मुलगा चौकीत चालत गेला आणि चादरीत गुंडाळून परत आला. पोलीस म्हणतात, जिन्यावरून पडला. पडला नाही हे पाहणारा एकच माणूस – पहाऱ्यावरचा हवालदार. आता निवृत्त झालाय. फेब्रुवारीत स्वतःहून माझ्याकडे आला. तीन तास बोलला, मी माझ्या हातानं लिहून घेतलं, त्यानं खाली सही केली. त्याचं नाव बंद पाकिटात कोर्टाला दिलंय. समोरच्यांना पत्ता नाही. चौदाला त्याची साक्ष.

अट एकच घातलीय म्हाताऱ्यानं: "तुम्ही समोर असाल तरच तोंड उघडेन."

११ मार्च

तारीख मागू? छे!

१२ मार्च

मागतेय. मी! सरकारी वकिलानं पुढची तारीख मागितली की आकाशपाताळ एक करणारी मी! ज्युनियरला अर्ज लिहायला सांगितला. कारण विचारलं तिनं. वैयक्तिक अडचण लिही, म्हटलं. मान वर न करता लिहिलं पोरीनं.

मावशींना स्वतः जाऊन सांगितलं. इस्त्री उभी करून ठेवली, ऐकून घेतलं. "नऊ वर्षं गेली ताई. अजून तीन आठवडे, त्याचं काय एवढं." चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं मला.

हवालदाराला कळवायचं काम ज्युनियरकडे दिलं.

१४ मार्च

अर्ज भरला. घोषणा, कॅमेरे, गर्दी. घसा बसलाय.

संध्याकाळी ज्युनियर आली, चेहरा उतरलेला. हवालदाराचा फोन दोन दिवस बंदच होता. हे मला सांगायला तिनं सात वेळा फोन केला – आणि माझा फोन गोड्याच्या माणसाच्या खिशात! म्हातारा सकाळी नऊलाच कोर्टात हजर. पुढची तारीख पडली तरी हलेना. ज्युनियरला तो ओळखत नाही, तिचं ऐकेल कशाला? वकीलबाई येणार म्हणाल्या होत्या, एवढंच म्हणत राहिला. संध्याकाळपर्यंत बसला. कोर्टाच्या दाराबाहेर, बाकावर, मावशींच्या शेजारी!

पोलिसांच्या बाजूचा सरकारी वकील तिथून तीनदा गेला. तिसऱ्यांदा बरोबर चौकीचा इन्स्पेक्टर होता.

पाकीट बंद ठेवून काय उपयोग झाला? माणूसच उघड्यावर बसवला मी.

१९ मार्च

चार सभा. टाळ्या मिळतात तिथे मी कोठडीचंच बोलते. लाज वाटते आणि तरी बोलते.

२६ मार्च

हवालदाराच्या घरी गेले. त्याचा मुलगाही पोलिसात आहे. त्याची बदली झाली – चार दिवसांत, थेट राज्याच्या सीमेवर. सून दारात उभी, आत या म्हणाली नाही. म्हातारा आतूनच बोलला. "मी आलो होतो बाई. तुम्ही नव्हता."

दारातूनच परत फिरले. बावीस वर्षं बोलण्यावर पोट भरतेय!

४ एप्रिल

साक्ष झाली. आठवत नाही. आठवत नाही. आठवत नाही. ती सहीसुद्धा त्याची नाही म्हणे. मावशी बाहेर आल्या, पदरानं चष्मा पुसला आणि विचारलं, तुमचा प्रचार कसा चाललाय?

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ मे

निवडून आले. एकतीस हजारांनी. पेढे वाटायचे राहिले, कुणाला आठवलंच नाही.

९ मे

सरकार आमचं. गोड्या म्हणाला, गृह राज्यमंत्री करतोय तुम्हाला. सगळ्या कोठड्या तुमच्याच हाताखाली! अठराला शपथ.

मोह झाला. का खोटं लिहू? एका फटक्यात नियम बदलता येतील, सगळीकडे कॅमेरे बसवता येतील. मास्तर भाजी चिरता चिरता म्हणाले, छान आहे की. आणि मग, "मावशींचं काय?"

निकाल बाकी आहे, पण हातात काही नाही. फेब्रुवारीचा कागद आहे फक्त, आणि त्यावरची सही हवालदार नाकारतोय.

१२ मे

ज्युनियरनं भीत भीत विषय काढला. सही होताना खोलीत आणखी कोण होतं? कुणी नाही. फक्त मी. मग ते तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायला हवं, म्हणाली. कागद तेवढ्यानं तरी जिवंत राहील. पण वकील आपल्याच केसमध्ये साक्षीदार होऊ शकत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं? महिनाभर ठाऊक होतं! उलटतपासणीत काय विचारतील तेही ठाऊक होतं, म्हणून तर गप्प होते.

गोड्याला सहज म्हणून विचारलं. तो हसला. "मंत्री आपल्याच खात्याविरुद्ध साक्ष देतात का कधी ताई?" साखर नव्हती आवाजात.

१४ मे

झोप नाही. भूक नाही. मास्तरांवर उगाच खेकसले.

१७ मे

मंत्रिपद नको म्हणून कळवलं. मावशींचं वकीलपत्र सोडलं, केस ज्युनियरकडे दिली. अकरा वाजता पुकारा झाला – साक्षीदार क्रमांक सात. मी.

सरकारी वकिलाचा पहिलाच प्रश्न: चौदा मार्चला आपण कुठे होता?

सांगितलं.