आजची पट्टी अस्मिता बदलेल

अहो,

मी दोन दिवस हडपसरला बहिणीकडे, श्यामलाकडे जाते आहे. तिला काही झालेले नाही. मी घरात असले की तुम्ही दुसऱ्या कुणापुढे टोपी काढत नाही, म्हणून जाते आहे.

डोक्यावरची कॅन्सरची गाठ काढून डॉक्टरांनी टाके न घालता जखम आपोआप भरायला ठेवली, तेव्हापासून पाच आठवडे मीच पट्टी बदलते आहे. पण काल जखमेची कडा गुलाबी आहे की लाल, हे मला नीट दिसले नाही. तरी मी "छान आहे" म्हणाले आणि तुम्ही निश्चिंत झालात. माझे चुकले. कडा लाल असेल तर आजच डॉक्टरांना फोन करायला हवा.

अस्मिता दहाला आंघोळ उरकून येईल. सुनेला "राहू दे, सासूबाई आल्यावर बघू" म्हणू नका. पाण्याने धुऊन व्हॅसलीन भरपूर लावायचे, जखम कोरडी पडू द्यायची नाही. वारा लागला की सुकते, हे तुमच्या आईंचे शास्त्र इथे चालत नाही. हळदीचा डबा मी बरोबर नेला आहे. आमटी आज बिनहळदीची आहे, कुरकुर न करता जेवा.

लग्नात तुमचे केस इतके दाट होते की दुसऱ्या दिवशीही त्यांतून अक्षता गळत होत्या. ते डोके मला अजून तितकेच देखणे दिसते. म्हणूनच आज ते अस्मिताने बघायला हवे.

कुमुद