जेवणाच्या टेबलाची गिटार

३ जानेवारी
आजपासून मी बनवलेल्या गिटारीसाठी एकही झाड पडणार नाही. रोजवूडचं लाकूड बंद, एबनीचं बंद. जंगलं गिळायची आणि वर कलाकार म्हणून मिरवायचं! संताप येतो. फेब्रुवारीअखेर लेकीचा पहिला कार्यक्रम. तिला गिटार शिकवणारे मास्तर आपली गिटार देत होते. ती म्हणाली, नको, बाबाने केलेलीच वाजवणार. शब्द दिलाय. जुन्या लाकडाची करणार.

५ जानेवारी
लाकूडवाल्याशी कडाक्याचं भांडण. म्हणे, लागवडीचं लाकूड आहे, कागद दाखवतो. मी म्हटलं, कागदही झाडाचाच. निरुत्तर झाला. बायकोच्या मते त्याने फक्त शटर ओढलं.

९ जानेवारी
लाकूड ठोकून ऐकायचं असतं. बोलेल तेच घ्यायचं. मेहुण्याचा दरवाजा ठोकला. मुका. दवाखान्यातला बाक ठोकला, तर डॉक्टर आतून खेकसले, नंबर आल्यावर या. लोकांना कानच नाहीत.

१० जानेवारी
सापडलं! आमचंच जेवणाचं टेबल. काय खणखणीत नाद! बायको म्हणाली, खबरदार. तिला विचारलं, पृथ्वी मोठी की टेबल? म्हणाली, टेबल.

११ जानेवारी
बायको बाहेर. करवत चालवली.

१२ जानेवारी
अबोला. बरंच आहे, कामात लक्ष लागतं.

२० फेब्रुवारी, दुपार
तारा अडकवायचा ब्रिज चिकटवला. बायकोने नेमका आजच अबोला सोडला. म्हणे, वीस वर्षं त्या टेबलाला तेल चोळतेय, सरस धरेल का? आता हिने मला सरस शिकवायचा!

२७ फेब्रुवारी
तारा चढवल्या. आवाज असा दणदणीत, की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. जळतात.

२८ फेब्रुवारी, रात्री
दुसऱ्याच गाण्यात ब्रिज उखडून पहिल्या रांगेत. लोक हसले. अंगाचा तिळपापड झाला. चूक दिव्यांची. एवढे तापलेले दिवे लावतात का कुणी?

लेकीचे डोळे भरले. मास्तरांनी आपली गिटार पुढे केली. अस्सल रोजवूड! ओरडून सांगणार होतो, हात लावू नकोस. तिने घेतली.

आणि काय वाजवलं पोरीने!

दातओठ खाऊन ऐकलं. टाळ्या वाजवल्या त्याही चिडून. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, बाबा, सगळ्यांत जोरात टाळ्या तूच वाजवत होतास, एवढं आवडलं?

बापाचा राग हिला कधी ओळखता येणार? टाळ्यांनी लाल झालेले तळहात खिशात घातले. रागानेच.