गाडी जागची हलली नाही

शराफिया, जेद्दा
१० मार्च १९९१

प्रिय पद्माताई,

तुला आणि विनयभाऊंना सलाम, ज्ञानदाला माझा मुका. अक्षर लागलं नाय तर रागावू नकोस. हर्णैच्या शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, आणि दम्मामला आल्यापासून कुठे काय लिहायचं झालं की तुझ्याकडे वर यायचे. तू लिहायचीस, मी शेजारी बसून भाजी निवडायचे. आजचं पत्र तुझ्याकडून लिहून घेण्यासारखं नाय. तीन कागद फाडले, हा चौथा.

आम्ही इथे फकरुद्दीनभाईंकडे आहोत. ते यांचे चुलतभाऊ. खाली त्यांचं मसाल्याचं दुकान आणि वर दोन खोल्या, त्यातली एक आम्हाला दिलेय. मुन्नीभाभी चांगली आहे, बोलते जास्त पण हाताने सढळ. मेहेक आता भिंतीला धरून चालते. खालचे दोन दात आलेत, मला बोटाला चावून दाखवते. इथे सायरन नाय, काय नाय, बाजार रात्रीपर्यंत भरलेला. तरी खाली दुकानाचं शटर खडखड करून पाडलं की मी मेहेकला उचलून न्हाणीघराकडे धावते. मुन्नीभाभी हसते, म्हणते, अगं लढाई संपली, खलास झाली. मी पण हसते. पाय मात्र ऐकत नाय.

फकरुद्दीनभाई विनयभाऊंना फोन करतात, त्यावरून तुझ्या घराचं काय चाललंय ते मला कळतं. तुला मी एकदा पण फोन केला नाय. दीड महिना झाला. नंबर पाठ आहे.

तुला ती गाडी घरी आली तो दिवस आठवतो काय? मागच्या जुलैत. यांनी शोरूममधून आणली, पांढरी, सीटवरचं प्लॅस्टिक पण काढलं नव्हतं. तू खाली आलीस आणि कोणी बघत नायसं बघून चाकाखाली लिंबू ठेवलंस. हे म्हणाले, ताई, पोलीस बघेल, आणि मग स्वतःच हसून गाडी लिंबावरनं पुढे घेतली. आठवडाभर त्या गाडीने आपण सहाही जण समुद्रावर गेलो. दोन्ही पोरी आपल्या मांडीवर. मागे इतकी दाटी की ज्ञानदाची चप्पल माझ्या ओढणीत सापडली.

मग सप्टेंबरात शोरूमचं पत्र आलं. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. मी ते घेऊन वर आले आणि तू वाचून दाखवलंस. त्या वर्षीच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये एक पार्ट खराब बसलाय, कंपनीने सगळ्या गाड्या परत बोलावल्यात, पार्ट बदलून मिळेल. आणि पार्ट काय येईना. बंदरात अमेरिकेच्या फौजेची जहाजं, दुसऱ्या मालाला जागाच नाय. शोरूमवाला प्रत्येक वेळी बुकरा म्हणायचा, उद्या ये. यांनी चार वेळा खेटे घातले. तेव्हा विनयभाऊ म्हणाले की त्यांचा भाऊ अमेरिकेत आहे, तिथे असल्या गाडीला लिंबूच म्हणतात, आणि तिथे कायदाच आहे, दुरुस्ती झाली नाय तर कंपनीने गाडी बदलून द्यायची. आपण किती हसलो. मी म्हटलं, ताईच्या लिंबानेच बाधलं. इथे तसला कायदा नाय, पण तू गाडीबरोबर आलेलं पुस्तक मागून घेतलंस आणि बारीक अक्षरातलं शोधून काढलंस. पत्र आल्यापासून नव्वद दिवसांत पार्ट आला नाय तर मालकाला दुसरी गाडी मागता येते. अट एकच, तोपर्यंत गाडी चालवायची नाय, जागेवर उभी ठेवायची. हे कामावरच्या बसने अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर जायला लागले. गाडीवर ताडपत्री टाकली. जानेवारी लागला तेव्हा अर्ज पण तूच लिहून दिलास. इतकं सगळं परत लिहितेय, कारण पुढचं लिहायला हात होत नाय.

लढाई सुरू झाली त्या दिवसापासून हे प्लांटवर अडकले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू खाली आलीस. खिडक्यांना टेप लावून लावून तुझ्या बोटांची सालं गेली होती. विनयभाऊंना त्यांच्या कफीलने, कामावरच्या मालकाने, जेद्दाला जायचा कागद दिला होता, पण बसमध्ये जागा नाय, टॅक्सी दम्माममध्ये राहिली नव्हती. लायसन होतं, गाडी नव्हती. तू सरळ मागितलीस. म्हणालीस, मुझम्मिलभाईंना फोनवर विचारू, तू आणि मेहेक पण चला, चेकपोस्टवर काय सांगायचं ते बघू. आपल्या इकाम्यांचे, राहायच्या परवान्यांचे, रंग वेगळे, आमचा मुसलमानांचा, तुमचा बाकीच्यांचा, त्याचा पण तू विचार करून आली होतीस.

यांनी जाताना मला बजावलं होतं. गाडीला कोणी हात लावता कामा नये, अर्ज आत गेलाय, एवढ्यात ती रस्त्यावर दिसली तर सगळं गेलं. मी तुला तेच सांगितलं असतं तरी चाललं असतं ना? तू रागावली असतीस, पण समजली असतीस. अर्ज तर तूच लिहिला होतास. पण मी काय म्हटलं, तुला आठवत असेलच. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात हे गाडी गल्लीत काढायला गेले तर ब्रेक लागलाच नाय, भिंतीला जाऊन टेकली, पोरांना घेऊन कुठे मरायला जाता. असं काय झालंच नव्हतं. ताडपत्री निघाली पण नव्हती. वर मी डोळ्यात पाणी आणलं. ते पाणी मात्र खरं होतं, मला इतकी भीती वाटत होती. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि वर गेलीस.

चार दिवसांनी हे अचानक घरी आले. पोरंबाळं असलेल्यांना लढाई थांबेपर्यंत सोडलं होतं. हे म्हणाले, सामान बांध, जेद्दाला जायचं. मी विचारलं, कशाने. हे म्हणाले, आपल्या गाडीने, दुसरी कुठली आहे. मग गाडीत आडवे होऊन, डोकं खाली घालून, मीटरची वायर काढत बसले, म्हणजे किती चालली ते शोरूमवाल्याला दिसणार नाय. तेवढ्यात सायरन झाला. मी मेहेकला छातीशी धरून जिन्यात उभी. घरात जायचं तर मी जिन्यावर नजर ठेवून होते, वरून कोणी येतंय काय म्हणून. कोणी म्हणजे तूच ताई, दुसरं कोण राहिलं होतं बिल्डिंगमध्ये.

मी यांना सांगायला हवं होतं की वरच्यांना पण घेऊया. जुलैत मावलो होतो, जानेवारीत पण मावलो असतो. अर्ज काय, वायर काय, ते सगळं करून पण मावलो असतो. पण तुम्हाला बोलवायचं तर माझं खोटं तुझ्यासमोर उघडं पडणार. एवढ्यासाठीच गप्प बसले मी. गाडीत तुमच्यासाठी जागा होती, तोंड दाखवायला मला जागा नव्हती.

दुपारची वेळ बघून निघालो. तू नेमकी गच्चीवर कपडे काढत होतीस. मी वर बघितलं नाय, पण मला कळलं. इंजिन चालू झालं आणि तू जिना उतरून आलीस, धापा टाकत. मला वाटलं आता बोलशील. तू खिडकीतून दोन ओले टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलेस, गॅस आला तर तोंडावर धरायला, आणि पाण्याचा थर्मास. मेहेकच्या टोपीची गाठ नीट केलीस. मग मला म्हणालीस, "मुझम्मिलभाईंना सांग, ब्रेक जपून."

हे पुढे बसलेत, त्यांना ऐकू येतंय, तरी तू मला म्हणालीस. टोमणा होता काय ताई? मी तुझं तोंड परत परत डोळ्यासमोर आणलंय, टोमणा दिसत नाय. असता तर बरं झालं असतं. तू माझं ऐकून खरंच धरून चालली होतीस की ब्रेक लागत नाय, आणि तरी आम्ही जातोय म्हणून तुला काळजी वाटली. पहिल्या चेकपोस्टला यांनी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली. दुसऱ्याला थांबली. रियाधपर्यंत, पुढे तायफच्या घाटात, प्रत्येक वेळी थांबली. हे म्हणाले, गाडी काय वाईट नाय. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

ज्ञानदाचं मला फेब्रुवारीत कळलं. टेप लावून बंद केलेल्या खोलीत तिला दम लागला, बाहेर सायरन, विनयभाऊ तिला खांद्यावर टाकून हॉस्पिटलपर्यंत पळत गेले, पाच दिवस नळी लावून ठेवली. फकरुद्दीनभाईंनी फोन ठेवून सांगितलं, आता बरी आहे. मुन्नीभाभी म्हणाली, बिचारे, त्यांना कोणाची गाडी मिळाली नाय काय. मी तांदूळ धूत होते, धूत राहिले. तिला अजून रात्री धाप लागते असं ऐकलं. खरं काय ते तुलाच विचारायला पाहिजे, पण विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नाय.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. लढाई थांबल्याबरोबर हे गाडी घेऊन दम्मामला परत गेले, ते तू बघितलंच असशील. मीटरची वायर परत जोडली. ताडपत्री टाकून वर माती उडवली. शोरूमचा माणूस येऊन बघून गेला, त्याला काय तरी खटकलं. तो म्हणाला, गाडी द्यायला आम्ही तयार आहोत, पण अर्ज केल्यापासून गाडी जागची हलली नाय असं बिल्डिंगमधल्या कोणाकडून तरी लिहून आणा, जो सगळे दिवस इथेच होता. सगळे दिवस तिथे कोण होतं ताई? बाकी सगळे पळाले. तुम्हीच तेवढे राहिलात, आणि का राहिलात ते मला माहीत आहे. यांचा परवा फोन आला. गुरुवारी कागद घेऊन विनयभाऊंकडे जाणार आहेत. मला म्हणाले, तू आधी पद्माताईला दोन गोड शब्द लिही, पोरीची विचारपूस कर, ती तुझं ऐकते. मी हो म्हटलं. यांना नाय म्हणायची मला भीती वाटते. हे मारणारे नायत, पण चिडले तर मला आणि मेहेकला हर्णैला पाठवून देतील आणि वर्षभर बोलणार नाय. म्हणून फोनवर हो म्हटलं आणि बसले लिहायला, आणि हे लिहिलं. मी तुला ओळखते. तू विनयभाऊंना सांगशील, जाऊदे, कष्टाचे पैसे आहेत त्यांचे, करा सही. करू नकोस. आमच्यासाठी खोटं लिहायची पाळी तुमच्यावर यायला नको, एवढं तरी मला करू दे. बुधवारी फोन करून मी यांना स्वतः सांगणार आहे की पद्माताईला सगळं लिहून कळवलंय. पण मला माझा भरवसा नाय, फोन हातात घेतला की मी परत हो म्हणेन. म्हणून पत्र आधी पाठवतेय, म्हणजे मागे फिरता येणार नाय. फकरुद्दीनभाईंचा ड्रायव्हर इसहाक उद्या माल घेऊन तिकडे निघतोय, तो तुझ्याच हातात देईल. मी फोन केला नसला आणि हे गुरुवारी आले, तर त्यांना हे पत्र दाखव. त्यांना चहा दे ताई, आणि कागद कोरा परत दे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
शरफुन्निसा