बँकेची वाटी

४ जून

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इथे परदेशात सुखरूप आहे. काम लागलं. दिवसभर कारखान्यात परक्यांच्या कवळ्या घासते. कालची एक अगदी तुझ्यासारखी होती, मिटायलाच तयार नव्हती. राहते अजून इथल्या मैत्रिणीच्या सोफ्यावर. सोफा आखूड, मी लांब. सप्टेंबरात तिची सासू येणार, म्हणजे तोही गेला.

बँकेत कार्ड कोणतं हवं विचारलं. डेबिटवर आपलेच पैसे लगेच कापले जातात. क्रेडिटवर आधी बँक भरते, मग महिन्याने आपण बँकेला. निघताना तू बजावलं होतंस, चिमूटभर मीठही उसनं घ्यायचं नाही. म्हणून डेबिट घेतलं.

परवा एक खोली पाहिली. लहानशीच, पण खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो आणि दाराला आतून कडी आहे. इथे खोली देण्याआधी भाडेकरूची बँकेतली उसनवारी बघतात, म्हणून घरमालकीणबाईंनी माझ्या उसनवारीची नोंद मागितली. मी मान ताठ करून सांगितलं, की जन्मात कोणाचं देणं केलेलं नाही. त्यांचा चेहराच पडला. म्हणाल्या, मग तू घेतलेलं परत करतेस हे मला कळायचं कसं? एक तरी बिल वेळेवर फेडलेलं दाखव, ऑगस्ट संपेपर्यंत खोली राखते. आता काय करू?

तुझी (लाडकी नसले तरी एकुलती) नात,
ठकू

१५ जून

चि. ठकूस आजीचे आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचताना कवळी काढून ठेवली. दातओठ खाल्ले असते तर मोडलीच असती. म्हणजे तिथे कोणाचं काही न घेणारा चोर आणि उसनवारीवाला साव! तुझ्या आजोबांना हे वेळेवर कळतं, तर तिथे त्यांची मिरवणूक निघाली असती.

मग भांडी घासता घासता आठवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा आळीत मला कुत्रं ओळखत नव्हतं. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला, तरी सासूबाईंनी हातात वाटी देऊन शेजारी साखर मागायला पिटाळलं. मला वाटलं, म्हातारीला डबा दिसत नाही. तिला सगळं दिसत होतं. वाटी गेली, वाटी आली, आणि मला चार दारं उघडी झाली. कधीच मागायला न येणारीला आळी शिष्ट म्हणायची. तुझी घरमालकीण दुसरं काय म्हणते?

तेव्हा घे ते क्रेडिट. पण आपला डबा भरलेला असेल तेवढीच वाटी मागायची, खात्यात असेल त्यापुढे दमडी नाही. दिवेलागणीच्या आत परत. आणि वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे तुला सांगायला नको.

लोभ आहेच. तो उसना नाही, घरचा आहे.
आजी

२ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कार्ड आलं. तुझ्या हुकमाप्रमाणे साबण घेतला आणि संध्याकाळी कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टर लागलेल्या हातांनी तशीच बँकेत जाऊन फेडला, वर थोडे जास्त. दुसऱ्या दिवशी बटाटे, तिसऱ्या दिवशी मोजे. आठवड्याने खिडकीवरच्या चष्मेवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अगं बाई, तूच बँकेला उधार देत सुटली आहेस! मी वाटीचं सांगितलं. त्यांनी शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

पण हसण्यावारी नेऊन भागायचं नाही. रोजच्या रोज फेडल्यामुळे बिलावर देणंच उरत नाही, मग फेडल्याची नोंद कसली होणार? बिल येईपर्यंत थांबायचं आणि मुदतीत सगळं भरायचं, असं त्या सांगतात. म्हणजे इतके दिवस डोक्यावर देणं! तुझ्या परवानगीशिवाय माझ्याच्याने व्हायचं नाही. इकडे मैत्रिणीने सोफ्याला नवी खोळ शिवायला टाकली आहे, सासूच्या आवडीच्या रंगाची.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ठकू

१२ जुलै

चि. ठकूस आ. वि. वि.

अगं येडे, वाटी घेतलीस आणि उंबऱ्यातच परत केलीस, तर शेजारीण काय म्हणेल? साखर किडकी निघाली का, म्हणेल. उसनं घेतलेलं थोडं मुक्कामाला ठेवावं लागतं. आपली वस्तू हिच्या घरात आहे आणि हिने ती पळवली नाही, हे तिला दिसायला नको? मी दिवेलागणी म्हटलं ते शेजारणीचं. बँकेची दिवेलागणी महिन्याने होत असेल तर होऊ दे.

बिलाचे पैसे मात्र बाजूला बांधून ठेव. त्यातून मोजे घेतलेस तर तिथे येऊन कान पिळीन. आता थोडंच भर, बाकीचं सावकाश दे, असं बँक गोड बोलेल. गोड बोलणाऱ्याचा तराजू आधी बघावा. सगळं भर. झोप माझी उडेल, तू झोप. आणि मैत्रिणीला सांग, सासू म्हणजे काही वाघ नव्हे. वाघ परत जातो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आजी

२८ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बिल आलं, त्याच दिवशी सगळं भरलं. राहवलं नाही, वर थोडे घातलेच. घरमालकीणबाईंनी बिल आणि पावती शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि जास्त का भरलेस म्हणून विचारलं. मी वाटीचं सांगितलं. मग त्यांनी किल्ली पुढे केली आणि दम भरला, की भाडं महिन्यातून एकदाच द्यायचं, रोज दिवेलागणीला माझ्या दारात उभं राहायचं नाही.

हे पत्र त्याच खिडकीत बसून लिहिते आहे. कडी लावली आहे. दोनदा उठून बघून आले.

एक विचारायचं राहिलं. वर भरलेलं अजून बँकेकडेच आहे. अर्ज केलास तर परत देऊ, असं चष्मेवाल्या बाई म्हणतात. करू का?

आता पाय लांब करून झोपणारी,
ठकू

५ सप्टेंबर

चि. ठकूस आ. वि. वि.

कडी लावत जा, आणि उगाच उठून बघू नकोस, झिजेल.

अर्ज केलास तर खबरदार. आपल्या घराण्याचं बँकेकडे येणं निघालंय, हे सात पिढ्यांत पहिल्यांदाच घडतंय. तुझे आजोबा वर बसून बढाया मारत असतील. आपली वाटी आपण मागायला जायचं नसतं. ज्याच्या घरात पडली आहे त्याने ती आणून द्यायची. देतील तेव्हा देतील.

फक्त आणून देतील तेव्हा रिकामी आणतात की काही घालून आणतात, तेवढं कळव. त्यावरून बँक कुठल्या घरची आहे ते मी सांगते.

आजी