राखेला विचारायचं राहून गेलं

माय, तू गेलीस तेव्हा तुझी नात पाच वर्षांची होती आणि तिच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. पुढचं तुला माहीत नाही म्हणून इथून सुरुवात करतो. आता ती तेवीस वर्षांची आहे. गोंदियात औषधांच्या दुकानात बसते, आणि भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बंद कुर्ता आणि मनगटापर्यंत बाह्या घालते. परवा गुरुवारी तिला नागपूरला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं आहे. ती येत नाही म्हणते. एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर येईन म्हणते. त्या उत्तराचं मूळ चौदा वर्षांपूर्वीचं आहे, माय, आणि ते तोंडातून निघत नाही. आता दुपारची जेवणाची सुट्टी आहे, मशीन बंद आहे, बाहेर बाया डबे सोडून बसल्या आहेत. दवनीवाड्याच्या रस्त्यावर ही माझी स्वतःची राइस मिल. तुझ्या वेळी नुसता पाया भरला होता, तू त्यावर उभी राहून "भिताडं सरळ घाल मनावं मिस्त्रीले" एवढंच म्हणाली होतीस.

तुझा उजवा हात मला आज सारखा दिसतो. तू ज्या मिलमध्ये होतीस तिथं धान वाफेवर उकडून मग अंगणात वाळायला पसरायचे, आणि तुम्ही बाया अनवाणी पायांनी त्यात रेघा ओढत धान फेरायच्या. एक दिवस टाकीचं झाकण उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत तुझा हात वाफेनं शिजला. मी तेव्हा कडेवर होतो म्हणे. मला आठवतो तो नंतरचा हात. ताणलेला, चकाकणारा, दोरखंडासारख्या गाठींचा. आणि आठवते ती चूल. तव्यावर भाकर आहे, वाटीत मोहाच्या बियांचं तेल आहे, आणि तू डाव्या अंगठ्यानं तो उजवा हात रगडते आहेस. भाकरीगणिक एकदा. दुखत असणार, कारण ओठ आत ओढलेले असायचे. मी विचारलं होतं, "माय, रोज कायले दाबतेस?" तू म्हणालीस, "चामडी झोपून रायते रे बाबू. तिले उठवा लागते, का तू अजून जित्ती हायेस मनून." कोणत्या डॉक्टरानं सांगितलं होतं हे तुला? कोणीच नाही. त्या हातानं तू मरेपर्यंत पाणी भरलंस.

माझे कान तिखट आहेत हे तूच पहिल्यांदा ओळखलंस. बाजूच्या मिलचा पट्टा सैल झाला की मी घरात बसून सांगायचो. पण तिखट कानाचा पोरगा एकदा तुझ्या हातचा मार खाऊन बसला. मिलच्या मागे राखेचा ढीग असायचा. कोंडाच जाळायचे, तर राख ढिगानंच निघणार. ती राख म्हणजे मोठी लबाड. वरून करडी, मऊ, मांजर जाऊन झोपेल अशी, आणि आत दोन-दोन दिवस विस्तव. मी पंधरा वर्षांचा असेन. जवळचा रस्ता म्हणून ढिगावरून उडी मारायला निघालो तर तू मागून मानगूट धरलीस आणि थोबाडीत दिलीस. "काऊन रे, कानं कायले हायत? चष्मा अडकवाले? राखेले विचारलास का?" मग लोटाभर पाणी तू त्या ढिगावर ओतलंस आणि मला वाकवलंस. आतून चर्र असा बारीक आवाज आला, तेलात मोहरी पडावी तसा. "डोऱ्यानं समजत नाही राख," तू म्हणालीस. "पानी टाक आनि कान दे. चूप रायली तं पाय ठेव." मी मिलच्या मशीनचा मिस्त्री झालो त्या दिवशी तू मला नवी पँट नाही दिलीस, एक जर्मनचा लोटा दिलास. सगळे हसले. मीही हसलो. आज तो लोटा माझ्या मिलच्या मागच्या नळाशी खिळ्याला टांगलेला आहे.

एक गोष्ट तू कधी काढली नाहीस, मीच काढतो. मी सातवीत होतो आणि भूगोलाची वही घरी विसरलो होतो. तू कामावरून तशीच शाळेत आलीस, केसांत कोंडा, हात उघडा. मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "इसकी माँ का हाथ देख, छिपकली जैसा." दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसेल. मला गेलं. मी दारात आलो, वही घेतली, आणि तुला म्हणालो, "माय, हात पदरात घे न." तू घेतलास. त्यानंतर माझा कोणी दोस्त घरी आला की चुलीसमोर बसलेली असतानाही तुझा उजवा हात पदरात जायचा आणि तू डाव्या हातानं वाढायचीस. माझ्या मुलीला पहिला ओढणीचा जोड मीच आणला, माय. ती दहा वर्षांची होती. मान झाकेल असा लांब बघून आणला.

तो दिवस सांगतो. हिवाळा होता, मिल जोरात होती. शाळेतून येताना ती माझ्याकडे थांबायची. मी मागच्या नळाशी उभा, कानाला फोन. कामाचा फोन होता. राखेच्या ढिगापलीकडे कुंपणाला लागून बोरीचं झाड आहे, खाली बोरं पडलेली. ती माझा शर्ट ओढून म्हणाली, "बाबा, राखेवरून जाऊ का? पटकन येते." मी ढिगाकडे पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. आणि फोनवर हात ठेवून म्हणालो, "जा, जा, थंडी आहे राख." तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला, तोल गेला, आणि ती डाव्या अंगावर पडली. हात, खांदा, मान. मी तिला उचललं तेव्हा माझ्या तळव्यांची साल गेली, ती महिन्याभरात भरून आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोनं माझी कॉलर धरून विचारलं, "कशी गेली ती तिकडं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "न विचारता पळाली गं. हट्टी आहे पोरगी, ऐकते कुठं." विचार करून नाही बोललो. पण एकदा निघालं ते निघालं. सासूला तेच, शाळेतल्या बाईंना तेच, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. मी बोलका माणूस, सांगायची हातोटी आहे. सांगता सांगता ते इतकं गुळगुळीत झालं की मलाही कुठं अडखळायला होईना.

मांडीची चामडी काढून हाताला लावली. कोपर आखडलं तेव्हा पुन्हा एकदा टेबलावर गेली. ते सगळं लहानपणी झालं. राहिले ते व्रण. मानेवरचा ओढायचा, घाम आला की खाजायचा, आणि ती दुकानात गिऱ्हाइकासमोर खाजवू शकायची नाही. मग मला कोणीतरी मायक्रोनीडलिंगबद्दल सांगितलं आणि मी तिच्या मागे लागलो. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. पेनासारखं एक यंत्र असतं, टोकाला बारीक सुया. आधी बधिर करायचं मलम लावून, वर प्लॅस्टिक गुंडाळून तासभर बसवतात. मग ते यंत्र व्रणावरून फिरवतात. गुणगुण आवाज येतो, शिवणाच्या मशीनपेक्षा बारीक, आणि मागे रक्ताचे दाण्याएवढे ठिपके उठतात. बाई म्हणाल्या, "काका, व्रणाची कातडी एकदा जशी जुळली तशी कडक होऊन बसलेली असते. आपण तिला बारीक बारीक जखमा देतो, म्हणजे ती पुन्हा कामाला लागते, आतून नवं विणते." मी उभाच राहिलो. वाटलं, वाटीतलं तेल घेऊन तूच बोलते आहेस. मग मी विचारलं, "म्हणजे पूर्ण जाईल न?" त्या म्हणाल्या, "नाही. नरम पडेल, सपाट होईल, रंग थोडा मिसळेल. जाणार नाही." दर महिना-दीड महिन्याला आम्ही जातो, दर वेळी मी तेच विचारतो, दर वेळी त्या तेच सांगतात. रस्त्यावरून चालत्या मिलचं बेअरिंग गेलेलं ओळखणारा मी, माय, आणि समोरची बाई मराठीत सांगते आहे ते मला ऐकू येत नाही.

गेल्या वेळी सुयांची चौथी खेप होती. मलम लावून ती बसली होती, मी शेजारी. एक नवीन शिकाऊ डॉक्टर मुलगी कागद भरायला आली. तिनं विचारलं, "कसं भाजलं होतं?" आणि माझी मुलगी म्हणाली, "न विचारता पळाली होती मी. हट्टी होती, ऐकत कुठं होती." आणि वर थोडं हसली. ते हसूही माझंच होतं. त्याच जागी थांबणं, 'ऐकत कुठं'वर तसाच हेल. मी माझा आवाज माझ्या पोरीच्या गळ्यातून ऐकला, त्या जळलेल्या गळ्यातून. शिकाऊ मुलीनं लिहून घेतलं. मी प्लॅस्टिकखालच्या मलमाकडे बघत बसलो. बोलायला वेळ पुष्कळ होता, बधिर व्हायला तास लागतो.

परतीला कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो. तिची मान लाल, ऊन लागू नये म्हणून ओढणी गुंडाळलेली. मी म्हणालो, "आता दोनच राहिल्या बेटा. मग पाहा, कोणाला ओळखू येणार नाही."

"मला येईल न."

"तसं नाही..."

"बाबा, खाज थांबली. मान वळून राहिली. मला एवढंच पाहिजे होतं. मी आता येत नाही."

"अधेमधे सोडायचं नसते. तुझ्या भल्यासाठीच..."

"हे सीरियलमधल्या बापासारखं नका बोलू. सुया मला टोचतात आणि डोळे तुम्ही मिटता. मी पाहते न पडल्या पडल्या." तिनं कप खाली ठेवला. "कोणासाठी टोचून घेऊन राहिली मी? खरं सांगा. मग येते, दोन काय, दहा वेळा येते."

माय, शब्द इथपर्यंत आला होता. तेवढ्यात पोऱ्या नाही, खुद्द ढाबेवालाच ओरडला, "सेठजी, समोसा गरम है, लगा दूँ?" आणि मी म्हणालो, "लगा दे, दो प्लेट." ती खूप हसली. म्हणाली, "हो, खा समोसा." घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी गाडीचं इंजिन ऐकत होतो, ज्यात काहीही बिघाड नव्हता.

कोणासाठी ते मला माहीत आहे. तो व्रण गेला की माझं वाक्यही जाईल, असं मला वाटत आलं. कातडी सपाट झाली की कोणी विचारणार नाही कसं भाजलं, आणि तिला ते म्हणावं लागणार नाही, आणि मला ऐकावं लागणार नाही. मी तिला माझ्यासाठी टोचून घ्यायला लावतो आहे. हे मी तिला कसं सांगू? ती मला बाबा म्हणणं सोडेल याची भीती नाही. ती म्हणेल "जाऊ द्या न," आणि ओढणी नीट करील, तू हात पदरात घेतलास तशी. ते मला सहन होणार नाही. तू तेव्हा मला थोबाडीत द्यायला पाहिजे होतीस, शाळेच्या दारात. राखेसाठी दिलीस आणि त्याच्यासाठी नाही दिलीस. मी आता कोणाकडे जाऊ थोबाडीत खायला?

रोज सकाळी मी राखेवर लोटाभर पाणी ओततो आणि वाकून कान देतो. बाया पदर तोंडाला लावून हसतात. "सेठ, हप्त्याभराची हाय ते राख, काय बोलंल आता?" मी म्हणतो, "बोलंल, बोलंल." त्याही हसतात, मीही हसतो. चौदा वर्षं हे चाललं आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, टेबलाच्या खणात राहील. उद्या सकाळी ती डबा भरत असेल तेव्हा घरीच सांगीन, बायकोसमोर, की ती मला विचारून गेली होती. कोहमाऱ्याची वाट बघणार नाही, तिथं समोसे आहेत. ती गुरुवारी आली तर तिच्यासाठी येईल, नाही आली तर नाही. बाया उठल्या, आता मशीन सुरू होईल.

एक राहिलं. वर मी 'कामाचा फोन होता' असं लिहिलं आहे. तुलाही तेच लिहून गेलो बघ, हात वळला. कामाचा नव्हता, माय. तुझा लोटा तीन पावलांवर टांगलेला होता, आणि मी एका दोस्ताला गंमत सांगत होतो. त्या गमतीचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं. "जा, थंडी आहे" म्हणालो, आणि ते सांगून टाकलं. तो तिकडे हसत होता, तेव्हा ती ओरडली.